जावा 250 दोनदा धरली (चालता चालता इंजिन जाम), आता तिसऱ्यांदा बोअर करू का?

मुरारजीपेठ_जावा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. अप्पांची 1970 ची जावा 250 आहे, म्हैसूरच्या कारखान्यातली, किक आणि गियरचा एकच दांडा असलेली तीच ती. अप्पा इथल्या, सोलापूरच्या एका मिलमध्ये फिटर होते, शिफ्ट सुटली की याच गाडीवर घरी यायचे. मिल बंद पडली, गाडी पण हळूहळू मागं पडली आणि वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली 19 वर्षं उभी राहिली. मागच्या दिवाळीत मनावर घेतलं की ही चालू करायची, आणि नुसती अंगणात उभी करून दाखवायला नाही, अप्पांना मागं बसवून सिद्धेश्वरला न्यायचंय.

इंजिन एका गॅरेजला दिलं. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते बॅरलचं भोक, घासलेलं होतं म्हणून 65 मिमीचं 65.50 केलं, पिस्टन, रिंगा, पिन सगळं नवीन, आवाज तर एकदम गोड. 110 किमी झाले आणि हैदराबाद रोडला बोरामणीच्या अलीकडं चालत्या गाडीत मागचं चाक लॉक. क्लच दाबला गेला म्हणून पडलो नाही. थोडा वेळ थांबलो, इंजिन थंड झालं, किक सुटली, हळूहळू घरी आलो. गॅरेजवाले म्हणाले ऑइल कमी पडलं. मी लिटरला 40 मिली टाकत होतो, औषधाच्या मापानं मोजून. तरी म्हटलं असेल, परत बोअर, आता 65.75, आणि या वेळी भीतीनं लिटरला 60 मिली टाकलं. तर अक्कलकोट रोडला वळसंगच्या पुढं 70 किमीला परत धरली, पहिल्यापेक्षा वाईट.

आता ते म्हणायलेत 66 करू आणि पिस्टन जरा ढिला ठेवू. मला वाटायलंय असं करत करत बॅरलच संपून जाईल. अजून काही गोष्टी लक्षात आल्यात त्या सांगतो, कामाच्या आहेत का माहीत नाही. थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच राहते. प्लग पांढरा. पिस्टनवर ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला जास्त आहेत, मागं जवळजवळ नाहीतच. आणि गियरबॉक्सचं ऑइल कमी होतंय पण खाली फरशीवर एक थेंब नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, कसंही करून गाडी चालवायचीच आहे.

टूस्ट्रोक_पुणे

मित्रा नव्या बोअरला ऑइल जास्तच लागतं, 80 मिली टाक लिटरला आणि 300 किमी 30 च्या वर जाऊ नकोस. माझी येझदी अशीच बसवली होती.

लेथ_एमआयडीसी

मालक, आधी एक काम करा, ते बॅरल गॅरेजमधून घरी आणून ठेवा. 66 करू नका. तुम्ही जी शेवटची चार वाक्यं लिहिलीत त्यातच तुमचा आजार आहे, बोअरमध्ये नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर आहे, दिवसभर पॉवरलूमचे शाफ्ट आणि बुश, संध्याकाळी जुन्या गाड्यांची बॅरलं. माझ्याकडं येणाऱ्या दर धरलेल्या पिस्टनला मी आधी उन्हात धरून बघतो. चारी कोपऱ्यांवर उभे ओरखडे असले तर क्लिअरन्स कमी होता, किंवा थंड इंजिन लगेच पळवलं. पिस्टनचं ॲल्युमिनियम तापल्यावर बॅरलच्या बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, त्याला जागाच नाही मिळाली. मागच्या बाजूला, म्हणजे कार्बोरेटरकडं ओरखडे असले तर ऑइल कमी पडलं. आणि फक्त सायलेन्सरच्या बाजूला असले तर इंजिन मर्यादेबाहेर तापलं, बहुतेक वेळा हवा जास्त आणि पेट्रोल कमी म्हणून. तुमचं हे तिसरं आहे. पांढरा प्लग पण तेच सांगतोय. आणि थ्रॉटल सोडून रेस उतरत नाही म्हणजे हवा कार्बोरेटर सोडून दुसरीकडनं आत जायलीय.

टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस, पिस्टनच्या खालचा क्रँकचा डबा, म्हणजे अर्धा पंप आहे हे लोक विसरतात. पिस्टन वर जाताना खाली ओढ तयार होते, त्या ओढीनं पेट्रोल आत येतं. क्रँकच्या डाव्या बाजूचं रबरी सील गेलं तर प्रायमरी (इंजिनाकडनं क्लचकडं जाणारी चेन) आणि गियरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि धुरात जळून जातं, जावात दोन्हीचं ऑइल एकच असतंय. म्हणून खाली थेंब नाही आणि आत लेव्हल कमी. उजव्या बाजूचं, डायनॅमोच्या मागचं सील गेलं तर कोरडी हवा ओढली जाते. 19 वर्षं उभ्या गाडीतलं रबर दगड झालेलं असतं. सील बदलले का विचारा त्यांना, माझा अंदाज आहे क्रँककेस खोललीच नसणार, वरचं वर बोअर करून दिलं.

आणि पुण्याच्या भावाला मनापासून सांगायलोय, 80 मिली अजिबात नको. ऑइल वाढवलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधनं, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातनं, तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण अजून कोरडं होतं. मालकांनी 40 चं 60 केलं आणि गाडी 110 च्या जागी 70 ला धरली, त्यात याचा पण हातभार आहे. या इंजिनाला ना पाणी ना फॅन, दोनच गोष्टी थंड करतात, फिन्सवरचा (बॅरलच्या बाहेरच्या पात्यांवरचा) वारा आणि आत येणारं ताजं पेट्रोल.

मुरारजीपेठ_जावा

काका, सील विचारले. म्हणाले चांगले दिसत होते म्हणून हात लावला नाही. क्रँककेस खोललीच नाही. आता सील गेलंय हे खोलायच्या आधी पक्कं कसं कळेल? नाहीतर परत अंदाजावर सगळं होईल.

लेथ_एमआयडीसी

कळतंय की. प्रेशर टेस्ट करा, त्याला कसलं महाग सामान लागत नाही. घरात बीपी बघायचं घड्याळवालं मशीन असेल तर त्याचा फुगा आणि काटा घ्या. कार्बोरेटर काढा, त्या तोंडावर ट्रकच्या ट्यूबचा रबर आणि वर जाड पत्रा लावून नट आवळा. सायलेन्सरची दोन्ही तोंडं पण तशीच बंद करा. एका जुन्या प्लगची चिनी फोडून काढा, मोकळं शेल राहील त्यातनं नळी घाला आणि बाजूनं एपॉक्सी लावून सुकू द्या. पिस्टन खाली आणा म्हणजे वरचा आणि खालचा भाग जोडला जातो. मग फुग्यानं हळूहळू 250 पर्यंत काटा न्या, ते 5 पीएसआयच्या जरा खाली आहे, याच्या वर नेऊ नका नाहीतर चांगलं सीलच बाहेर ढकललं जाईल. मिनिटभर बघा. 200 च्या वर राहिला तर इंजिन ठीक, धपकन खाली आला तर गळती आहे.

आता कुठं आहे ते. ब्रशनं साबणाचं पाणी लावा बॅरलच्या खालच्या पॅकिंगला, हेडला, क्रँककेसच्या जोडाला. मग डायनॅमो काढून उजव्या सीलला. डावं सील तर दिसणारच नाही, क्लचच्या मागं आहे, त्याला युक्ती अशी की गियरऑइल भरायच्या तोंडावर साबणाचा पडदा धरायचा. तो फुगला की डावं सील गेलं.

बार्शीची_लेक

लेथवाल्या काकांनी जे सांगितलं त्याच्या पुढं मी काय लिहिणार, पण दोन गोष्टी राहिल्यात म्हणून लिहिते. माझ्या आजोबांची जावा आम्ही बार्शीत उभी केली, कार्बोरेटर आणि इग्निशनचं काम मी स्वतः केलंय.

एक, टायमिंग. कुणीही न मोजता नुसतं कानानं लावलेलं टायमिंग या इंजिनात चालत नाही. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप 0.4 मिमी आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी 3 ते 3.5 मिमीवर. प्लगच्या भोकातनं व्हर्नियरच्या मागची पट्टी सरळ उभी सोडून मोजता येतं, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ प्लास्टिक कागद धरा, तो ज्या क्षणी सुटेल तिथं पॉइंट उघडला. आमच्याकडं ते 5 निघालं होतं. ठिणगी लवकर पडली की स्फोट वर येणाऱ्या पिस्टनवरच होतो आणि सगळी उष्णता त्याच्या डोक्यात जाते. पिकअप भारी वाटतो म्हणून मेकॅनिक तसंच सोडतात, याचा मला खूप राग येतो, कारण ती गाडी कुणाच्या तरी आजोबांची असते.

दोन, पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतंय. साध्या पेट्रोलला एक किलो जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. म्हणजे तेवढ्याच हवेला या पेट्रोलचं प्रमाण जास्त लागतं आणि तुमचा जेट मात्र 1970 सालच्या पेट्रोलचा. आम्ही मेन जेट एक नंबर मोठा टाकला आणि प्लग पांढऱ्याचा चॉकलेटी झाला. पण जेट आत्ता बदलू नका, आधी हवेची गळती बंद करा, नाहीतर गळती जेटनं झाकली जाईल आणि गाडी गरम झाली की परत तेच. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं, तो येऊन जेटमध्ये बसतो आणि चालू गाडीत पेट्रोल तुटतं. टाकी आतून धुवून घ्या आणि कॉकची जाळी नवीन लावा. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा, हे पेट्रोल पाणी धरून ठेवतं.

मुरारजीपेठ_जावा

काका, ताई, रात्री साडेअकराला लिहितोय पण राहवत नाही. टेस्ट केली. बीपीचं मशीन अप्पांचंच, तेच शेजारी स्टुलावर बसून फुगा दाबत होते. 250 वरनं काटा 60 वर यायला वीस सेकंद पण लागले नाहीत. बॅरलचं पॅकिंग ठीक, हेड ठीक. गियरऑइलच्या तोंडावर साबणाचा पडदा लावला तर असा टम्म फुगला. आणि डायनॅमो काढून उजव्या बाजूला साबण लावला तर तिथं पण बारीक फेस. म्हणजे दोन्ही गेलेत. दोन बोअर, दोन पिस्टन फुकट गेले आणि दोष होता सीलमध्ये. अप्पा एकच बोलले, मिलमध्ये एखादी मशीन दोनदा बसली तर आम्ही तिसऱ्यांदा चालू करायच्या आधी कारण लिहून द्यायला लागायचं.

टायमिंग पण मोजलं ताई, 4.5 आलं.

आता विचारायचंय की क्रँककेस खोलतोच आहे तर काय काय करून घेऊ. एका जणानं दुसरी क्रँककेस स्वस्तात देतो म्हटलंय, ती घेऊ का?

लेथ_एमआयडीसी

अप्पांना नमस्कार सांगा, बरोबर बोलले.

दुसरी क्रँककेस घेऊ नका. इंजिन नंबर तिच्यावर असतो, आरसी बुकातला नंबर आणि इंजिनावरचा नंबर वेगळा झाला की पुढं आरटीओत जन्मभर फेऱ्या. तुमची तर 50 वर्षांच्या पुढची गाडी, 2021 च्या नियमानं व्हिंटेजमध्ये नोंदवायची झाली तर मूळ अवस्थेतली लागते. अर्थात तशी नोंद केली की रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच, म्हणून अप्पांना फिरवायचंय तोवर घाई नको.

खोलल्यावर पहिलं क्रँक बघायचा. दोन सेंटरवर धरून डायल (किती डुलतो ते मोजायचं घड्याळ) लावायचा. सील आपोआप खराब होतंय वयानं हे खरं, पण क्रँक डुलत असेल तर नवीन सील पण टिकणार नाही, शाफ्ट त्याला आतून घासत राहतो. दोनदा चालत्या गाडीत लॉक झालीय म्हणजे क्रँकच्या दोन चकत्या पिनवर फिरल्या असण्याची शक्यता दाट. बेअरिंग नवीन टाका, कनेक्टिंग रॉड वरखाली हलत असेल तर रॉड किट टाका, वरच्या टोकाचा पितळी बुश पिनला धरून रीमर मारून घ्या.

बॅरलचं म्हणाल तर 65.75 चं बोअर आधी मोजू. वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी दोन दिशांना. कदाचित ॲल्युमिनियम नुसतं चिकटलं असेल, बिडाला खोल गेलं नसेल, तसं असलं तर होन मारून (आतनं हलकं घासून) त्याच साइजचा नवीन पिस्टन बसेल आणि 66 वाचेल. आणि एक, माझी सगळ्यांना विनंती आहे, बोअर केल्यावर पोर्टच्या (बॅरलच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा गोल करून घेत चला. बोअरच्या हत्यारानं त्या कडा ब्लेडसारख्या होतात आणि रिंग दर फेऱ्याला तिथं अडकते. हे काम हातानं करावं लागतं, अर्धा तास जातो, म्हणून कुणी करत नाही. रिंगचा गॅप बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरा, तुमच्याला दहा थाऊ. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बॅरलमधली फट, पिस्टनवाला जो देतो तोच, मी अशा बिडाच्या बॅरलला तीन थाऊच्या आसपास ठेवतो. ढिला ठेवला तर पिस्टन आपटतो आणि उष्णता बॅरलला नीट जात नाही, म्हणजे परत तापणार.

बॅरल, पिस्टन आणि क्रँक घेऊन या. पिस्टनवर रिंगा चढवून आणू नका, सुट्या आणा, गॅप मला बॅरलमध्ये घालून बघायचाय.

बार्शीची_लेक

फिन्सचं कुणी बोललं नाही अजून. फोटो असेल तर टाका. आमच्या बॅरलवर आधीच्या कुणीतरी चमकायला म्हणून जाड रंगाचे दोन-तीन थर दिले होते, फिन्सच्या मधल्या फटीत ऑइल आणि माती बसून वीट झाली होती. रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं सगळं काढलं, मग उष्णता सोसणारा काळा रंग एकदम पातळ. सोलापूरला मे महिन्यात 43-44 ला हवाच गरम असते, त्यात फिन्स बुजलेल्या असतील तर इंजिननं करायचं तरी काय. सायलेन्सरच्या आतली जाळी पण काढून कार्बन खरवडा, धूर अडला की उष्णता बॅरलमध्येच तुंबते.

लेथ_एमआयडीसी

मालकांची क्रँक बघितली, सगळ्यांना उपयोग होईल म्हणून इथं लिहितो. डायलवर 0.11 मिमी डुलताना आली. अंदाज होता तेच, चकत्या फिरल्या होत्या. प्रेसवर खोलून नवीन रॉड किट टाकून परत बांधली, तांब्याच्या हातोड्यानं ठोकून ठोकून 0.02 वर आणली, त्यात अख्खी दुपार गेली. बोअर नशिबानं वाचलं, 65.75 च ठेवलंय, नवीन पिस्टन. पोर्टच्या कडा अप्पांनी स्वतः बसून केल्या, मी नुसती कानस दिली. 75 च्या पुढचा माणूस पण हात एक नंबर, एक कड दुसरीपेक्षा वेगळी नाही.

बांधताना लक्षात ठेवा मालक, रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या बारीक पिनांवर बसली पाहिजेत, पिस्टनच्या मोठ्या पिनच्या सर्कलिप (अडकवायच्या कड्या) नव्याच घाला, काढलेल्या परत वापरू नका. सीलची स्प्रिंगवाली बाजू क्रँककेसकडं. हेडचे नट एकमेकांसमोरचे आवळा, टप्प्याटप्प्यानं. आणि बांधून झाल्यावर गाडी चालू करायच्या आधी बीपीच्या मशीननं परत तीच टेस्ट. ती पास झाल्याशिवाय टाकीत पेट्रोल घालू नका.

रनिंग इनला, म्हणजे नवं इंजिन बसेपर्यंत, लिटरला 50 मिली, 500 किमीनंतर 40. स्टँडवर लावून तासभर चालू ठेवायचं जे लोक करतात ते करू नका, फॅन नाही, उभ्या गाडीला वाराच नाही. दोन-तीन मिनिटं चालू करून पूर्ण थंड, हात लावता आला पाहिजे इतकं थंड, असं तीनदा, मग हेडचे नट परत बघायचे. मग सकाळी साडेपाचला बाहेर काढा. अक्कलकोट रोड घ्या, सपाट आहे. तुळजापूरला पहिल्या 300 किमीत न्यायची नाही, घाटात हळू वेग आणि जास्त लोड म्हणजे वारा कमी आणि उष्णता जास्त. एकाच वेगानं पण चालवू नका, थ्रॉटल कमीजास्त करत राहा. उतारावर थ्रॉटल बंद करून गियरमध्ये सोडायची सवय असेल तर मोडा, या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधनंच मिळतंय, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइल पण बंद आणि पिस्टन मात्र पळतोय.

टूस्ट्रोक_पुणे

काका, 80 मिलीचं मी चुकीचं सांगितलं होतं, माफ करा. माझ्या येझदीची पण रेस उतरत नाही. या रविवारी बीपीवाली टेस्ट करतो.

मुरारजीपेठ_जावा

आज 212 किमी झाले म्हणून लिहितोय. बांधल्यावर टेस्ट केली, मिनिटाला 250 चं 240. टायमिंग 3.2 ला लावलं. ताईंनी सांगितलं तसं आधी जुन्या जेटवर 40 किमी चालवली, प्लग अजून फिकाच होता, मग एक नंबर मोठा टाकला, आता चॉकलेटी आहे. थ्रॉटल सोडला की रेस जागच्या जागी खाली येते, इतकं बरं वाटतं ते ऐकायला की मी सिग्नलला उगाच सोडून बघतो.

काल पहाटे वळसंगपर्यंत जाऊन आलो. जिथं धरली होती तिथं मुद्दाम थांबलो, फिन्सजवळ हात नेला, गरम आहे पण तो कोंडलेला वास नाही. घरी आल्यावर अप्पांनी काही न बोलता पाना घेतला, गियरबॉक्सचं ऑइल तपासलं. लेव्हल जिथं भरली होती तिथंच. मग मला म्हणाले, गुरुवारी साडेपाचला मला पण उठव.